ग्लुकोजच्या पाण्यातलं लिंबू

लिंबू चिरलं की मला मालेगावच्या दवाखान्यातला तो बाक आठवतो. मला तिसरा महिना होता. रक्ताच्या तपासणीत किडनीचा एक आकडा जरा वेगळा आला, म्हणून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशा बायकांना पुढे गरोदरपणात साखर वाढायचा धोका असतो, मग बाळ पोटात फार मोठं होतं आणि त्याच्या जिवावर बेतू शकतं, आत्ताच तपासून घेऊ. ग्लुकोजचं ते गोडमिट्ट पाणी माझ्या घशाखाली उतरेना. सासूबाईंनी नर्सला विचारलं आणि पदराच्या गाठीतलं आमच्या मळ्यातलं लिंबू सोडून त्यात चार थेंब पिळले. मग पुन्हा रक्त घेईपर्यंत दोन तास त्या माझ्याजवळ बसून राहिल्या, चहासुद्धा घेतला नाही. "आई, तुमी तरी काही खाऊन घ्या," मी म्हटलं. त्या समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "माह्या पयल्या खेपेले पोट पाहून सारं गाव म्हने, पोरगं पहेलवान हाय. तसंच आलं, पन रडलंच नाही. मले कोनी असं पानी पाजलं नव्हतं." माझी लेक आता पाच वर्षांची आहे. ती रडायला लागली की आम्ही सगळे धावतो. सासूबाई मात्र आधी क्षणभर ऐकत उभ्या राहतात.