पाटीवरचा निबंध

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मी एरवी साधी पोटदुखीसुद्धा लपवत नाही. मग तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. जीव फार जळतोय म्हणून, असंही नाही.

धारला मी आणि सखाराम बरोबरीने कॉलेजप्रवेशाच्या एन्ट्रन्स परीक्षेची तयारी करत होतो. मी कचेरीतल्या कारकुनाचा मुलगा, तो शिंप्याचा. बाकीचे विषय आम्ही रेटून नेत होतो. धास्ती होती ती इंग्रजी निबंधाची. कॉलेजची वाट तिथेच अडायची. आम्ही आमच्या ओसरीवर बसून निबंध आधी पाटीवर लिहायचो, खाडाखोड करायचो, मग मी तो वहीत उतरवायचा आणि दोघांनी तोंडपाठ करायचा. वही आमच्या घरची, अक्षरही माझं वळणदार. उतरवून झालं की सखाराम पाटी पुसून टाकी. कोणता निबंध कुणाचा, हे वहीत लिहायची गरज कधी वाटली नाही. आम्हाला माहीत होतंच की.

नदीवरचा निबंध सखारामचा. त्याचं आजोळ धरमपुरीचं, नर्मदेकाठचं. नावाडी पैलतीराकडे हाक मारतो, हाक पोचायला वेळ लागतो, म्हणून तिथला माणूस उशिरा वळून बघतो — असलं काहीतरी त्यात होतं. माझा नदीवरचा निबंध ‘नदी फार उपयोगी असते’ असा सुरू होत होता. हेवा वाटला का? वाटला. पण सगळं खापर त्या हेव्यावर फोडता येणार नाही.

इंदूरला परीक्षेत नदीच आली. माझा निबंध मला येत होता — हे नीट ऐका — येत होता. तरी मी त्याचा लिहिला. शब्दन् शब्द.

महिन्याभराने हेडमास्तरांकडे पत्र आलं: दोन पेपरांत एकच निबंध, चौकशी करा. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. सखाराम म्हणाला, "माझा आहे. पाटीवर लिहिला होता." आता पाटी कसली दाखवणार? मी वही पुढे केली. सगळं माझं अक्षर. "तुझा?" हेडमास्तरांनी विचारलं. मी हो म्हणालो. सखाराम वहीकडेच बघत राहिला. मी पास झालो. त्याचा पेपर चोरीचा ठरला.

तुम्ही म्हणाल, पोरगा घाबरला असेल. असेन. पण मी सांगायला बसलोय ते हे नव्हे — ते अजून पुढेच आहे.

दोन दिवसांनी सखारामचे वडील घरी आले. दरबारचे अंगरखे शिवणारा माणूस. सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान काढायचंही विसरले होते. वर या म्हटलं तरी ओसरीखालीच उभे राहिले. माझे वडील कचेरीत होते, आई देवळात.

"बापू भिया," ते मला म्हणाले, "पोरगा कसम खातोय, माझाच म्हणून. मी अनपढ माणूस, मला यातलं काय समजतंय? तुम्ही त्याचे दोस्त. तुम्ही सांगाल ते मी मानीन."

खरं सांगितलं असतं, तर माझं काय जाणार होतं? शिंप्याचं म्हणणं हेडमास्तरांनी ऐकून घेतलं असतं थोडंच? निकाल लागून गेला होता. माझ्या केसालाही धक्का लागला नसता, आणि सखारामला निदान स्वतःच्या घरात तरी मान वर करता आली असती. हे सगळं मला तेव्हाच, तिथे उभ्या उभ्या कळत होतं. भीती नव्हती. रागही नव्हता. काहीच नव्हतं.

मी म्हणालो, "काका, निबंध माझाच आहे."

त्यांनी मान हलवली. मग मुलाच्या वतीने माझी माफी मागितली, आणि मला हात जोडले. मी जोडू दिले. ते गेल्यावर आत जाऊन जेवलो. भूक लागली होती.