गुरुवारची दुसरी कदेल

तुमच्या गावात दारू प्यायला किती जागा आहेत, आणि सोडायला किती? पहिल्याचं उत्तर तुम्ही झोपेतही द्याल. दुसऱ्याला मान खाली घालाल.

गोकुळदासही तेच करायचा. धारगळचा हमरस्ता सोडून आत वळलं की त्याचं गाव लागतं. वीस वर्षं त्याने डिचोलीच्या खाणींवर टिपर चालवला. खाणी बंद पडल्या, टिपर दारात गंजला आणि हा बाटलीत बुडाला. बायको विनोदिनी दोडामार्गला भावाकडे गेली ती गेलीच. महिन्यातून एकदा फोनवर तब्येत विचारते, बस्स.

डिचोलीत दर रविवारी दारू सोडलेली माणसं एकत्र बसतात, असं त्याला दवाखान्यातल्या नर्सबाईने सांगितलं. तो गेला. पण आपल्याकडे पत्ता सांगतात तोसुद्धा बारच्या खुणेने. बारला वळसा घाला, मागे जिना आहे, असं गाडेवाल्याने दाखवलं. गोकुळदास वळसा घालायला गेला आणि बारमध्येच राहिला. दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच. तिसऱ्या रविवारी बारच्या दारात एक म्हातारा उभा होता. बाबली, शाळेतला निवृत्त शिपाई. तोही कधीकाळी असाच तिथे अडकला होता, म्हणून दर रविवारी येऊन उभा राहायचा. काही न विचारता त्याने गोकुळदासाचं कोपर धरलं आणि जिना चढवला. वर सात माणसं होती. आपण बेवडा आहोत असं गोकुळदास पहिल्यांदा मोठ्याने म्हणाला, आणि कोणी हसलं नाही.

तेव्हापासून थेंब नाही. पण वर्षभराने, गणेशचवथीच्या आधी, बाबली वारला. खोलीवाल्याने खोली परत मागितली. बैठक म्हापशाला गेली, तीही अशा वेळी की परतायला बस नाही. बाबली म्हणायचा, दोघं बसली की बैठक झाली. गोकुळदास एकटा होता. संध्याकाळचे पाच वाजले की घरातल्या घरात त्याचे पाय दाराकडे वळायचे. असंच चाललं तर एक दिवस ते उंबरा ओलांडतील, हे त्याला कळत होतं. दुसरं माणूस हवं होतं. एक. जास्त नको.

देवळाच्या कमिटीकडे त्याने आठवड्यातून एक तास ओसरी मागितली. आमच्या गावात असली माणसं नाहीत, असं उत्तर आलं. ज्याने दिलं त्याच्या तोंडाला वास येत होता. गुरुवारी पाचला बंद पडलेल्या दूध सोसायटीच्या व्हरांड्यात गोकुळदासाने घरच्या दोन प्लास्टिकच्या कदेली, म्हणजे खुर्च्या, नेऊन मांडल्या. एकीवर स्वतः बसला. मांडीवर वही, बाबलीचं बोलणं उतरवलेली. दुसरी कदेल रिकामी.

आता गोव्यात कोणी वही घेऊन रस्त्याकडेला बसला, तर लोक त्याला काय समजणार? मटकेवाला! पहिल्याच गुरुवारी तिघं आकडा लिहायला आले आणि शिव्या देत गेले. महिना असाच गेला.

मग सखाराम आला. वीजखात्यातून निवृत्त, कपडे इस्त्रीचे, हातात कापडी पिशवी.

"एक आकडो बरय," तो म्हणाला.

"हांगा आकडो नाय."

"मगे वही कित्याक? आनी ही दुसरी कदेल कोणाक, भटाक जेवणाक बोलावलंस?"

"दारू सोडलंय. एकट्यान ऱ्हवाक जमणा नाय. म्हणान दुसरी कदेल."

सखाराम हसला. हसता हसता बसला. पिशवीत बाटली वाजली, ती त्याने पायाने मागे सारली. सोडून किती दिवस झाले, त्याने विचारलं. गोकुळदासाने चौदा महिने सांगितलं. उठताना सखाराम हळूच म्हणाला, "फुडल्या गुरुवारी येतंय. कोणाक सांगू नको." गोकुळदासाने शब्द दिला.

त्या रात्री गोकुळदास कितीतरी दिवसांनी गाढ झोपला.

पुढच्या गुरुवारी पाचला आधी हवालदार आला. मटका घेतोस काय, म्हणून दरडावला, वही ओढली. समोरच्या चहाच्या गाड्यावर पाच-सहाजण कान टवकारून. गोकुळदासाचं डोकं फिरलं. मटकेवाला म्हटलेलं त्याला सोसेना. तो उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला, "मटको न्हय! दारू सोडूची बैठक ही!"

हवालदार वही टाकून गेला. गाड्यावर हशा पिकला. रस्त्याच्या वळणावर इस्त्रीचा शर्ट घालून सखाराम उभा होता. त्याने ते ऐकलं, हसणाऱ्यांकडे बघितलं, आणि दूध आणायला निघाल्यासारखा सरळ पुढे गेला.

तेव्हा गोकुळदासाला उमजलं. मटकेवाल्याजवळ बसलेल्या माणसाला कोणी नावं ठेवत नाही. दारू सोडणाऱ्याजवळ बसला की गाव बोटं दाखवतं. लोक खोटं समजत होते तोवर ती कदेल सखारामला चालत होती. खरं त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, आणि ती पुन्हा रिकामी झाली.

तो अजून बसतो. गुरुवारी, पाचला. सखाराम रोजच्यासारखा समोरून जातो. व्हरांड्यापाशी चाल मंदावते, मग गाड्याकडे बघतो आणि पुढे जातो. गोकुळदास हाक मारत नाही. सांगणार नाही म्हणून शब्द दिला होता. सहाला दोन्ही कदेली एकात एक घालून खांद्यावर घेतो आणि घरी जातो.

तुम्ही पीत नाही, मला ठाऊक आहे. म्हणूनच तुम्हाला सांगतोय. त्या रस्त्याने गेलात तर गुरुवारी पाचला थांबा आणि त्या दुसऱ्या कदेलीवर दहा मिनिटं बसा, गाड्यावरच्या सगळ्यांना दिसेल असे. भल्याभल्यांना तिथे बसलेलं गावाने बघितलं, की तिथे कोण बसतो याचं कोणाला काही वाटणार नाही. मग सखाराम दिसला की उठा, आणि त्याला जागा द्या.