एका घराला एक पान

सोयरिकीची चौकशी करायला आमच्या भावकीतले नि समाजातले लोक मला फोन करतात. माझं गाव बोदवडजवळ, नोकरी नि सासर धुळ्याला. कोण कुणाचा सोयरा, ही माहिती मी कॉम्प्युटरवरच्या एका वहीत ठेवतो. तिच्यातली पानं एकमेकांना जोडता येतात. सुरुवातीला ठरवायचं एवढंच होतं, की पान माणसागणिक करायचं की घरागणिक. मी घर निवडलं. मामकुळ, शेती, शिक्षण आणि खाली शेरा. शोधायला सोपं जातं, असं सगळ्यांना सांगितलं.

ते खोटं होतं. वही सुरू करायच्या थोडं आधी, त्याच उन्हाळ्यात, गावातल्या एका लग्नात माझा चुलतभाऊ मानाचे टॉवेल-टोपी वाटत होता. माझ्यापाशी आला नि पुढे सरकला. वर म्हणाला, "तू त आता धुयाचा झाला रे. टोपी सासऱ्याकडून घे." मांडव हसला. मीही हसलो.

त्याच्याविरुद्ध लिहावं असं माझ्याकडे काहीच नव्हतं. माणसागणिक पानं केली असती तर त्याचं पान स्वच्छ राहिलं असतं. घरागणिक केल्यावर त्याची बहीणही त्याच पानात आली. शेऱ्यात मी लिहिलं, 'मुलगी दोन महिन्यांत सासरहून परत.' नवरा मारायचा हे मला ठाऊक होतं. ते लिहिलं नाही.

यंदा त्याच चुलतभावाच्या मुलीला चांगलं स्थळ आलं. मुलाच्या वडिलांनी मला फोन केला. मी पान उघडून शेरा वाचून दाखवला, सावकाश. "बरं झालं विचारलं," ते म्हणाले. स्थळ फिरलं. त्या दिवशी जेवण गोड लागलं, हे आता लपवत नाही.

आठवड्याने पुतणीचा जळगावहून फोन आला.

"काका, तुमच्या वहीत माझ्याबद्दल काय आहे?"

"तुझ्याबद्दल काही नाही. घराबद्दल आहे."

"मग नको कुणाला म्हटलं त्यांनी? घराला?"

"आत्या दोन दिवस जेवली नाही," एवढं बोलून तिने फोन ठेवला.

पुढचे तीन रविवार वही मोडून माणसागणिक पानं केली. आत्याच्या पानावर तिच्या नवऱ्याची मारहाण लिहिली. पुतणीच्या पानावर नावापुढे काय लिहावं, हेच मला माहीत नव्हतं. मुलाच्या वडिलांना फोन करून खरं सांगितलं. त्यांचं दुसरीकडे ठरलं होतं.

भावाची माफी मात्र मागितलेली नाही. त्या दोघींचं वाईट वाटतं. त्याचं अजून वाटत नाही.