आत्याचं अर्धं शटर

माझ्या आत्याइतकी भांडकुदळ बाई अख्ख्या कांदिवलीत दुसरी नाही, आणि असलीच तर ती आत्याशी भांडून केव्हाच बोरिवलीला राहायला गेली असेल. तिचं मसाला कांडपाचं दुकान आहे. उन्हाळ्यात बायका वाळवलेल्या मिरच्या नि भाजलेला गरम मसाला पिशव्यांतून आणतात आणि आत्या यंत्रात कांडून देते. देते म्हणजे, आधी शिव्या देते, मग मसाला. मिरची मोडून बघायची, कट्‌ आवाज नाही आला की पिशवी परत. "वाळवलीस की नुसती बाल्कनीत फिरवून आणलीस गं?" असं तिने बँकेतल्या एका मॅडमना भर रस्त्यात विचारलं होतं. मात्र एक गोष्ट ती जिवापाड पाळते. प्रत्येक घराचं मसाल्याचं प्रमाण वेगळं आणि गुपित असतं, त्यामुळे कुणाचा खास मसाला असला की आत्या शटर अर्धं खाली ओढते. मग बाकीच्या रांगेने उन्हात तापत उभं राहायचं. सगळ्यांची प्रमाणं तिला तोंडपाठ, आणि त्याचा तिला भयंकर माज.

तयार पाकिटांनी गिऱ्हाईक पळवलं तेव्हा मीच तिला मोबाइलवर दुकानाचं पेज काढून दिलं. म्हटलं, लोकांशी गोड बोल, लोक येतील. दाढ काढायला बसल्यासारखं तोंड करून ती "नमस्कार, प्रिय ग्राहकहो" म्हणाली. तो व्हिडिओ फक्त माझ्या आईने पाहिला. शेवटी वैतागून मी तिचा एका बाईला झापतानाचा व्हिडिओ टाकला आणि माझी वाट लागली! मुलुंड-घाटकोपरहून माणसं मिरच्या घेऊन यायला लागली, खास शिव्या खायला. रविवार माझे गेले. ती सांगणार, मी टाइप करणार. कुणी 'नाइस' लिहिलं की, "नाइस काय मेल्या? मिरच्या कधी आणतोस ते लिही." एक जण रोज लाल बदाम पाठवायचा. "ह्याला म्हणावं, बदाम पुरे, धणे पाठव." लोक खूश, आत्या खूश, मी चडफडत.

आणि मग तिने ते लाइव्ह केलं. आत्याची एक मैत्रीण आहे, माहेरच्या गावची, दोघी एकाच विहिरीवर पाणी भरलेल्या; आता इथेच कांदिवलीत मुलाकडे राहते. तिचा माशांचा मसाला म्हणजे आत्याचा वीक पॉइंट. लाइव्हवर कुणीतरी लाडात विचारलं, "आत्या, तुम्हाला सगळ्यात आवडता मसाला कुठला?" झालं! बाई विरघळली. मैत्रिणीचं नाव घेऊन कौतुक करता करता दगडफूल खोबरेलात परतायचं इथपासून त्रिफळं किती घालायची इथपर्यंत सगळं ओकून मोकळी झाली. मी हातवारे करतोय, "आत्या, बस!" ती मलाच म्हणते, "गप रे, मध्ये बोलू नको!" ते ऐकत कोण बसलं होतं? मैत्रिणीची सून. त्या घरात स्वयंपाक सुनेचा, टीव्ही नातवाचा, खोली मुलाची. "आई, मसाला कसा करायचा?" एवढंच विचारायला घरचे त्या म्हातारीकडे यायचे, आणि ती पुरतं प्रमाण कधी सांगायची नाही. दुसऱ्या दिवशी सुनेने स्वतःच मसाला भाजला. चांगला झाला म्हणे.

मैत्रिणीने बोलणं टाकलं. दुकानासमोरून जाताना ती पदर सावरत पलीकडच्या फुटपाथवर जायची. मी आत्याला नको नको ते बोललो. "अगं, शटर ओढतेस ना जन्मभर? मग मोबाइलसमोर अक्कल कुठे गेली होती?" तिने मोबाइल माझ्या अंगावर फेकला. "तूच आणलंस हे थेर माझ्या दारात! गोड बोल म्हणे! बोलले एकदा गोड, बघ काय झालं!" त्यानंतर तिने चार गिऱ्हाइकांना विनाकारण हाकललं आणि यंत्र बंद करून पिंपावर बसून राहिली.

मग एका रविवारी मला म्हणाली, "लाव ते लाइव्ह." मला वाटलं, आता सुनेचा उद्धार होणार. पण आत्या कॅमेऱ्यात बघून म्हणाली, "त्या दिवशी मी सांगितलेला मसाला साफ चुकीचा. खोबरेल नाही, काही नाही. माझी स्मरणशक्ती गेली. म्हातारी झाले. कुणाचंच प्रमाण माझ्या लक्षात राहत नाही आता." आवाज चढलेलाच होता, पण हात पदराशी चाळा करत होता. खाली कमेंटमध्ये लोक हसत होते, आता आत्याकडे मसाला न्यायचा की नाही असं एकमेकांना विचारत होते. जी बाई मेल्यावरही कुणाची लवंग विसरणार नाही, ती सगळ्या मुंबईसमोर खोटं बोलत होती. मला इतका राग आला, कुणाचा ते कळेना.

चार दिवसांनी मैत्रीण आली. पिशवी फळीवर आदळली. "विसारलंस म्हणे सगळा?"

"विसरले."

"तुझ्या तोंडात किडे पडोत. शटर खाली कर."

आत्याने शटर ओढलं, या वेळी पुरतं जमिनीपर्यंत. मी आणि रांग बाहेर उन्हात. आतून यंत्राचा आवाज येईना. मैत्रीण पहिल्यापासून प्रमाण सांगत होती, आणि आत्या, जिला ते झोपेतही पाठ होतं, पुन्हा पुन्हा विचारत होती, "थांब गं, दगडफूल किती म्हणालीस?"