चंदरचं पान

मढच्या मथुरेला सवत नव्हती, पण सवतीहून वाईट असा एक मेलेला माणूस होता. नवरा बळवंत अठ्ठेचाळीस साली काश्मीरच्या लढाईतून परतला, तो आपला सोबती चंदर तिथल्या बर्फात ठेवून. आता बावन्न उजाडलं, तरी पितरांना वर्षातून एकदा वाढतात तसं पान तो चंदरसाठी रोज दुपारी वाढायचा. सुरमईची मधली तुकडी चंदरलाच. "खा रे, काटे काढलेत," असं इतक्या मायेनं म्हणायचा की मथुरेच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिच्या वाट्याला काय, तर मीठ जास्त पडलं की थप्पड!

एकदा अंधेरीच्या बाजारात मासळी विकून ती उपाशी घरी आली आणि सरळ चंदरची तुकडी खाऊन मोकळी झाली. बळवंतनं केस धरून तिला भिंतीवर आपटलं.

मथुरेनं कपाळाचं रक्त पदरानं पुसलं, चंदरच्या पानाशेजारी आणखी एक पान मांडलं आणि त्यावर भात, मासा वाढला.

"हे कोणाचं?" बळवंत गुरकावला.

"माझं. मीपण मेले असं समज," ती म्हणाली. "आता माझेही काटे काढ."