रामाकोन्यात दिसलेला सिनेमा

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा ठेवायला जाणारा माणूस. आमच्या बौद्ध घरात अंगात येणं, गंडेदोरे असल्या भानगडींना थाराच नव्हता. तरी हे सांगतोय... कारण पोटात राहत नाही.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. पांढुर्ण्याला स्टेशनरोडवर माझी व्हिडिओ लायब्ररी होती. नागपूरहून कॅसेटी आणायचो. त्यात एकदा थायलंडचा एक सिनेमा आला — जुना काळ, राजवाडा, राणी, तिचा पहारेकरी, आणि बाकी तुम्ही समजून घ्या. घरी बघायची अनकट कॉपी. थिएटरात जे जे कापतात ते सगळं शाबूत. डब्यावर मात्र सोनेरी कळसाचं देखणं विहार! ही कॅसेट मी काउंटरखाली ठेवायचो.

बुद्धपौर्णिमेला दुपारी नागपूरहून परतलो, तर दुकानात आई बसलेली. एकदम खुशीत.

"शोभाचे सासरे आले होते रामाकोन्याहून. टीव्ही, व्हीसीआर सौंसरहून आणून राहिले म्हणे. बुद्धाचा शिनमा पाह्यजे होता त्यायले. खाली एक सापडला, देल्ला. कसं सुंदर मंदिर होतं वं माय त्याच्यावर!"

मी काउंटरखाली वाकून पाहिलं, ती कॅसेट नव्हती. शोभा माझी धाकटी बहीण, नुकतीच सासरी गेलेली. तिची सासू आधीच माझ्या धंद्यावरून तिला टोचून बोलायची. 'पुन्हा काही कानावर आलं तर माहेरी पाठवीन' इथपर्यंत गोष्ट गेली होती. आणि आता अख्ख्या मोहल्ल्यासमोर, म्हाताऱ्याकोताऱ्यांसमोर, ते...!

त्या घरी फोन नव्हता. मिळेल ती बस धरली. ड्रायव्हर वाटेत पाणी प्यायला उतरला तो उतरलाच. मला त्याचा गळा धरावासा वाटत होता. सौंसरला बस बदलली. बसायला जागा होती तरी उभाच राहिलो. मनात एकच — राणीच्या तळ्यातल्या अंघोळीचा सीन अजून लागला नसू दे.

घरी पोचलो तर ओसरीत चपलांचा ढीग. आतल्या खोलीत खिडक्यांना सतरंज्या लावलेल्या, माणसं दाटीवाटीनं बसलेली, समोर भंतेजी. पडद्यावर राणी तळ्याच्या पायऱ्या उतरत होती... तोच सीन! मी माणसांच्या मांड्या तुडवत बटणाकडे निघालो.

"बस ना गा खाली," सासरे म्हणाले. "दिसून नाई राहिलं."

मी बटणापर्यंत पोचायच्या आतच राणीनं खांद्यावरचं रेशमी वस्त्र काढलं, घडी केली आणि पायरीवर ठेवलं. आत पांढरं साधं कापड होतं. डोकं मुंडन केलेलं. तिनं पाण्यात एक दिवा सोडला, मग दुसरा. किती तरी वेळ नुसते दिवेच. हा सिनेमा मी अनेकदा पाहिला होता, पण असं काही त्यात नव्हतं. पुढे पहारेकरी आलाच नाही. शेवटपर्यंत नाही.

"साधू, साधू, साधू," म्हाताऱ्या हात जोडून म्हणाल्या. शोभाची सासू पदरानं डोळे पुसत होती.

"सूनबाई," ती म्हणाली, "तुह्या भावाले जेवाले वाढ आधी. इतक्या उन्हात आला बिचारा."

मी जेवायला बसलो. शोभा वाढता वाढता हळूच म्हणाली, "भाऊ, त्या बाईनं शेवटी काय चांगलं सांगतलं ना!"

"काय सांगतलं?"

"काहून, तुले आयकू नाई आलं? आपल्याच बोलीत तर बोलली. घर सोडू नको म्हणे."

मी तर शेवटपर्यंत तिथेच होतो. ती बाई एक शब्दही बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर ओढून मी परत आणलेली ती कॅसेट लावली. तीच कॅसेट, तिच्या कोपऱ्यावर माझ्याच हातची खूण. राणी, अंघोळ, पहारेकरी... सगळं जिथल्या तिथे, अनकट. मुंडन केलेली बाई कुठेच नाही. पुढे-मागे करून करून व्हीसीआरचं हेड खराब झालं, पण ती दिसली नाही.

त्या घरी अजूनही पौर्णिमेला त्या सिनेमाचा विषय निघतो. मी मान डोलावतो. सासू शोभाला पुन्हा कधी माहेरचं नाव काढून बोलली नाही. बहिणीचं घर वाचलं... कुणी वाचवलं, हे मात्र मला आजही सांगता येत नाही.