बुसानच्या मासळीबाजारात अम्मी

कोरिया बघायचा हट्ट मुलीचा. कुवेतला महबूला भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मालिका बघत बघत ती कोरियन बोलायला शिकली होती. मी मराठीत विचारलं तर उत्तर मात्र इंग्रजीत यायचं. ईदच्या सुट्टीत जायचं ठरलं. बायकोला जाब्रियाच्या हॉस्पिटलात ड्युटी होती. अम्मी तेव्हा रत्नागिरीहून आमच्याकडे आलेली, तिला दिवसभर एकटीला घरात कशी ठेवायची? तीही निघाली. मुलीला सोल हवं होतं, पण अम्मी बरोबर म्हणून मी समुद्रकाठचं बुसान निवडलं.

पहिले दोन दिवस मी नुसता बघत राहिलो. डोंगरउतारावर निळी, गुलाबी, पिवळी घरं, एकाच्या छपरावर दुसऱ्याचं अंगण असावं अशी. खडकांवर बांधलेलं बुद्धाचं देऊळ. लाट फुटली की तुषार पायऱ्यांपर्यंत यायचे. इतकी वर्षं सपाट वाळू बघितलेल्या माझ्या डोळ्यांना ते सगळं एकदम पेलवेना. अम्मी गुडघे चोळत बाकावर बसायची. "छान आहे," एवढंच.

तिसऱ्या सकाळी जागालचीच्या मासळीबाजारात गेलो. बंदराला लागून टपऱ्यांची रांगच रांग, आणि विकणाऱ्या बहुतेक बायकाच. पायात रबरी बूट, डोक्याला टोपी. हौदांत ऑक्टोपस वळवळत होते. लाल, काटेरी, अननसासारखं काहीतरी पाण्यात श्वास घेत होतं. मी थबकलो. अम्मी माझा हात सोडून पुढे गेली, एका म्हातारीच्या पाट्यांसमोर उकिडवी बसली आणि तिने सरळ बांगड्याचा कल्ला बोटाने उघडून बघितला.

म्हातारी ओरडली.

"दादी, डोन्ट टच!" मुलगी लाजेने लाल झाली.

अम्मी हलली नाही. शेजारी चांदीच्या पट्ट्यांसारख्या वाकट्या रचल्या होत्या. तिने एक उचलली, म्हातारीच्या सुरीकडे बोट दाखवलं आणि आपल्या छातीवर हात ठेवला. म्हातारीने तिच्या हातांकडे जरा वेळ बघितलं. मग सुरी मुठीकडून पुढे केली.

अम्मीने लग्नानंतर वीस-बावीस वर्षं बंदरावर मासळी विकली. मी शाळेत असायचो, नंतर कुवेतला आलो आणि तिला ते काम सोडायला लावलं. मला वाटायचं, मी तिच्यावर उपकारच केले. तिला विकताना, कापताना मी कधी बघितलंच नव्हतं. आता बघितलं. तीन झटक्यांत पोट साफ, मग तिरक्या, एकसारख्या तुकड्या. नजर सुरीवर नव्हतीच. आजूबाजूच्या दोघी बायका उठून आल्या. म्हातारी मोठ्याने हसली आणि तिने काहीतरी विचारलं.

मुलगी अडखळली. दादीला इंग्रजी येत नाही. मग ती शब्द शोधत मराठीत म्हणाली, "दादी, ती विचारते... किती वर्षं केलं तू हे?"

"बावीस. तिला विचार गो, ती कधीपासून बसते?"

विचारून झालं. "पन्नासच्या वर. तिची आई पण इथेच बसायची."

"पन्नास!" अम्मीने सुरी खाली ठेवली. "आणि अजून बसते? मुलगे नाय तिला?"

"आहेत. ते नको म्हणतात. ती म्हणते, घरी बसून काय करू?"

अम्मीने वळून माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. तरी मला नजर खाली घ्यावीशी वाटली.

म्हातारीने स्वतःचं बुटकं स्टूल अम्मीकडे सरकवलं आणि स्वतः खोक्यावर बसली. दोघींची वाकटी कापायची स्पर्धा लागली. मुलगी मध्ये उभी राहून इकडचं तिकडे सांगत होती, एखादा शब्द अडला की मला विचारत होती, "पप्पा, कल्ला म्हणजे काय?"

दुपारी शहरातला उंच टॉवर बघायला जायचं होतं. मुलगी म्हणाली, "उद्या जाऊ." दुसऱ्या दिवशीही आम्ही टॉवरला गेलो नाही.